पायाखालचा पत्रा

गाडीचा तळ खालून सडतो, असं बहुतेकांना वाटतं. रस्त्यावरचं पाणी, चिखल, खडी सगळं खालीच तर असतं. पण पंधरा-वीस वर्षांच्या गाडीच्या सीट काढून मॅट उचलली की पुष्कळदा उलटं चित्र दिसतं. खालच्या बाजूचा काळा डांबरी थर बऱ्यापैकी शाबूत असतो आणि पत्रा मात्र वरून, म्हणजे आपण पाय ठेवतो त्या बाजूने, पापुद्रे सुटून गेलेला असतो. जुन्या गाडीच्या तळाचा गंज बऱ्याच वेळा आतून येतो. त्याची दुरुस्ती फसते तीही बहुधा याच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे: पत्रा नवा बसतो आणि पाणी जुन्याच वाटेने येत राहतं.

भिवंडीत हे नीट समजून घ्यायला हवं, कारण लोखंडाला नडणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथे एकत्र आल्या आहेत. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. गावाच्या कुशीतून कामवारी नदी वाहते, आणि काल्हेर-कशेळीच्या बाजूला भरती-ओहोटीची खाडी. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की तीन बत्ती, ईदगाह रोड या सखल भागांत पाणी भरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी ठाणे जिल्ह्यातही असंख्य गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशा गाड्या पुढे धुऊन, वाळवून, इंजिन उघडून पुन्हा चालू होतात. पण तळाच्या पोकळ पट्ट्यांत शिरलेला गाळ सहसा कोणी बाहेर काढत नाही, आणि गाळ पाणी धरून ठेवतो. पुराचं सोडा. राजनोली, मानकोली किंवा अंजूरफाट्याच्या कोंडीत भर पावसात अर्धा-पाऊण तास अडकणं, ओल्या चपलांनी चढणं-उतरणं, मारुती ओम्नी व्हॅनच्या मागच्या भागात कापडाचे तागे किंवा सुताच्या गोण्या भिजक्याच ठेवणं, एवढंही पुरतं.

गंज लागतो म्हणजे नेमकं काय होतं, हे दाखवणारा एक फार सुंदर प्रयोग आहे. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ युलिक रिचर्डसन इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंजाचा अभ्यास शास्त्रशुद्ध पायावर आणला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग आजही महाविद्यालयांत करतात. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात आधीच दोन सूचक मिसळलेले असतात: लोखंड विरघळू लागलं की निळा होणारा पोटॅशियम फेरिसायनाइड, आणि पाणी अल्कधर्मी झालं की गुलाबी होणारा फिनॉल्फ्थॅलिन. सुरुवातीला रंगाचे ठिपके कुठेही उमटतात. पण थोड्याच वेळात थेंबाच्या कडेला गुलाबी कडं तयार होतं आणि मधला भाग निळा होतो. दोन्हींच्या मध्ये तपकिरी गंजाचं वर्तुळ साचतं.

थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून हवेतला प्राणवायू तिथे सहज पोहोचतो. मध्यभागी पाणी जास्त, प्राणवायू कमी. एकाच पट्टीवर असे दोन भाग झाले की त्यांच्यात छोटा विजेचा घट तयार होतो. कडेला प्राणवायू वापरला जातो आणि त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन मधलं लोखंड विरघळून पुरवतं. म्हणजे खड्डा पडतो तो जिथे हवा कमी आहे तिथे. आपल्या नेहमीच्या समजुतीला हे अगदी उलटं वाटतं. लोखंड उघडं पडलं की गंजतं हे खरं, पण झाकलेलं आणि ओलं लोखंड त्याहून वाईट गंजतं.

गाडीच्या तळाचं सगळं कोडं या एका थेंबात सुटतं. कार्पेटखाली आवाज दाबण्यासाठी जाड नमदा घातलेला असतो. तो पाणी पितो आणि आठवडेच्या आठवडे ओला राहतो. त्याच्याखाली हवा जवळजवळ नाहीच. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जिथे स्पॉट वेल्डिंगने जोडले आहेत त्या फटीतही तेच. लांबीखाली (पुट्टीखाली) तेच, सैल सुटलेल्या डांबरी थराखाली तेच, आणि जुन्या गंजावर नुसता रंग फासला की त्या रंगाखालीही तेच. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो. फटीत तयार झालेला गंज दोन पत्र्यांना पाचरीच्या जोराने उचकटतो, फट रुंदावते, आणखी पाणी शिरतं.

हवेतल्या दमटपणाचीही एक पायरी असते. सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. क्षार किंवा धुराचे कण पत्र्यावर असतील तर त्याहून कमी आर्द्रतेतही. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ या पायरीच्या बरीच वर असते. सोलापूर-लातूरकडे वाढलेली आणि इथे वाढलेली, एकाच वर्षीची दोन वाहनं शेजारी शेजारी उभी केली तर वरून सारखी दिसतील, पण मॅट उचलल्यावर फरक लपत नाही.

आकड्यांतच बोलायचं तर, हवेची गंजकारकता मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात मध्यम गटातल्या हवेत उघड्या पोलादाची पहिल्या वर्षाची झीज २५ ते ५० मायक्रॉन धरली आहे आणि त्यावरच्या गटात ५० ते ८०. गाडीच्या तळाचा पत्रा साधारण ०.८ ते १ मिलिमीटर जाड, म्हणजे ८०० ते १००० मायक्रॉन. दोन्ही बाजूंनी वर्षाला पन्नास-पन्नास मायक्रॉन खाल्ले गेले, तर आठ-दहा वर्षांत पत्रा संपला. नमद्याखाली दमट राहिलेल्या ठिकाणी, जिथे झीज सगळीकडे सारखी न होता खड्डे पडतात, तिथे भोक त्याच्या बरंच आधी दिसतं.

पत्रा संपला म्हणजे नुसतं पाणी आत येतं, एवढंच नव्हे. ट्रक, जीप किंवा बोलेरोची बांधणी वेगळी असते: खाली जाड लोखंडाची चासी, तिच्यावर स्वतंत्र बॉडी. छोट्या मोटारींत वेगळी चासी नसते. तळ, दरवाजाखालच्या पोकळ पट्ट्या म्हणजे सिल, आडवे पट्टे, खांब आणि छत मिळून एकच पेटी बनते आणि तीच सगळा भार पेलते. मुंबईकरांच्या ओळखीची प्रीमियर पद्मिनी अशीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली, आणि तिचं मूळ इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११०० मध्ये होतं. त्या गाडीचं अंगच तिची चासी होती. १४ डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आलेली मारुती ८०० सुद्धा त्याच पद्धतीची. अशा गाडीत सीटचे बोल्ट, सीट बेल्टचं खालचं टोक, जॅक लावायची जागा हे सगळं तळाच्या पत्र्यावर किंवा सिलवर टेकलेलं असतं. अपघातात बेल्ट माणसाला धरून ठेवतो तो बेल्टच्या कापडाच्या जोरावर नव्हे, त्याच्या बोल्टखालच्या पत्र्याच्या जोरावर. म्हणून सडक्या तळाची गाडी "चालते की व्यवस्थित" असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते. सरळ रस्त्यावर ती चालतेच. ती कसोटी नव्हे.

परदेशातही याची किंमत मोजली गेली आहे. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथे गंज खरोखरच खालून येतो. १९८० साली ब्रिटनमध्ये लॅन्चिया बीटा या गाडीचे इंजिनाला आधार देणारे भाग गंजत असल्याचा गाजावाजा झाला आणि कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. त्याच्या काही वर्षं आधी, १९७५ च्या सुमारास, पोर्शेने ९११ चा सांगाडा जस्त चढवलेल्या पत्र्याचा करायला सुरुवात केली होती आणि सहा वर्षांची हमी दिली होती. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः विरघळतं, म्हणून ओरखडा पडला तरी खालचं लोखंड बराच काळ वाचतं. बॉडी विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या हौदात बुडवून रंगवण्याची पद्धत सर्वत्र रुळल्यावर आणखी फरक पडला. आजच्या गाड्या तेवढ्याने टिकाऊ झाल्या. आपल्या जुन्या गाड्यांना मात्र बहुतांशी रंग आणि डांबर हेच संरक्षण.

आता दुरुस्तीकडे. पहिलं काम पाण्याची वाट शोधण्याचं, आणि ते वेल्डिंगच्या आधी करायचं. कोरड्या दिवशी कार्पेट उचलून, नमदा काढून, आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं आणि बाहेरून दुसऱ्याने नळीने पाणी सोडायचं: आधी खाली, मग हळूहळू वर. पाणी येण्याच्या जागा बहुतेक ठरलेल्या आहेत. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन सुटलेलं असतं. वायपरखालच्या जाळीत पिंपळाची-गुलमोहराची पानं कुजून निचऱ्याचं भोक बुजलेलं असतं आणि साचलेलं पाणी डॅशबोर्डच्या मागून पायाशी उतरतं. दरवाजाच्या आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा पडदा असतो. काच दुरुस्त करताना तो फाडून फेकलेला असतो. दरवाजाच्या तळाची निचऱ्याची भोकं मातीने बंद असतात. डिकीत मागच्या दिव्याचं रबर. एसी असेल तर त्याच्या पाण्याची नळी तुंबून डाव्या सीटच्या पायाशी थारोळं, आणि हे पाणी भर उन्हाळ्यात येतं म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

एक गोष्ट आपण हौसेने ओढवून घेतो. सामान विकणाऱ्या दुकानांत संपूर्ण तळावर जाड रेक्झिनचं लॅमिनेशन घालून मिळतं. दिसायला छान, पुसायला सोपं. पण वरून पाणी न सोडणारा हा थर खालची ओलही वर येऊ देत नाही. शिलाईच्या भोकांतून आणि कडांतून आत गेलेलं पाणी नमद्यात कोंडलं जातं. पावसाळी भागात जुन्या गाडीला हे लॅमिनेशन घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुट्या रबरी मॅट घालाव्यात आणि संध्याकाळी उचलून ठेवाव्यात.

तपासणी करणाऱ्या जाणत्या डेंटरचे, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराचे, हात बघण्यासारखे असतात. भिवंडीतल्या एका गॅरेजमधले वयस्क चाचा मॅट काढल्यावर बराच वेळ कशालाच हात लावत नाहीत, आधी नुसतं बघतात. मग स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने पत्र्यावर हलके ठोके देत पुढून मागे जातात. शाबूत पत्रा टणटण वाजतो. पातळ झालेला पत्रा बद्द वाजतो, आणि दोन थरांत गंज भरला असेल तर कुरकुरल्यासारखा आवाज येतो. बद्द आवाज आला तिथे स्क्रू ड्रायव्हर सुलटा करून टोक टेकवतात आणि तळहाताने दाब देतात. टोक आत गेलं की खडूने भोवती गोल. मालक म्हणाला, "चाचा, एवढंसं तर भोक आहे," तर ते खडूचा गोल आणखी चार बोटं मोठा करतात आणि म्हणतात, "भोक एवढं आहे बेटा, सडलंय एवढं." या खडूच्या रेषेत सगळा अनुभव आहे. दिसणाऱ्या गंजाच्या पलीकडे किमान दोन-अडीच सेंटिमीटर चांगला, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापायचं. पातळ पत्र्याला वेल्डिंगचा टाका धरत नाही, तो वितळून भोक मोठं होतं. आणि धरलाच तर शेजारी उरलेला गंज पुढच्या दोन पावसाळ्यांत टाक्याच्या कडेने बाहेर येतो.

कापण्याआधी खाली वाकून बघणं आलंच. तळाला लागूनच पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी आणि कधी कधी वायरिंगचा जुडगा गेलेला असतो. बॅटरीची जोडणी काढायची, सीट, कार्पेट, नमदा गाडीबाहेर, टाकीजवळ काम असेल तर टाकीच उतरवायची. आत डांबराचे जाड तुकडे चिकटवलेले असतात, ते खरवडून काढायचे. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पेट घेतात. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी हवं. गाडी नुसत्या जॅकवर कधीही नाही, मजबूत घोड्यांवर. सिलही कापायचं असेल तर दरवाजाच्या चौकटीत आडवी पट्टी टाका मारून बसवावी लागते, नाहीतर मधला आधार गेल्यावर गाडी किंचित खचते आणि काम झाल्यावर दरवाजा लागत नाही. हे सुधारायला मग पुन्हा सगळं कापावं लागतं.

नव्या तुकड्यासाठी आधी पुठ्ठ्याचा साचा कापतात. पत्रा १८ किंवा २० गेजचा, म्हणजे साधारण १.२ किंवा ०.९ मिलिमीटरचा घेतात. त्याहून जाड पत्रा घेतला की काम पक्कं होतं अशी एक समजूत आहे. पण जाड तुकडा आणि जुना पातळ पत्रा यांच्या सांध्यात उष्णता सारखी बसत नाही आणि पातळ बाजू जळते. मूळ तळात लांब नळ्यांसारख्या उठलेल्या रेषा असतात. त्या शोभेच्या नसतात. सपाट पत्रा पायाखाली वाकतो, गाडी चालताना थरथरून घुमतो; रेषा पाडल्या की तोच पत्रा ताठ होतो. चांगला डेंटर लाकडी ठोकळ्यावर हातोडीने त्या रेषा नव्या तुकड्यातही उठवतो. मारुती ८०० किंवा पद्मिनीसाठी कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा कापलेला तळ मिळू शकतो, पण तोही ठोकून, खरवडूनच घ्यावा.

वेल्डिंगचं म्हणाल तर जुन्या पिढीचं सगळं काम गॅसच्या ज्योतीवर झालं, आणि ते कौशल्य मोठंच होतं. तरी पातळ पत्र्यासाठी सीओटू वेल्डिंग अधिक चांगलं. ज्योतीची उष्णता दूरवर पसरते, आजूबाजूचा रंग आणि सिलच्या आतला थर जळतो, पत्रा पापडासारखा वाकडा होतो. सीओटूमध्ये ०.८ मिलिमीटरची तार आपोआप पुढे सरकते, वायूचं आवरण वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतं आणि उष्णता एका ठिपक्यापुरती राहते. त्यातही सलग रेघ ओढायची नाही. इकडे एक टाका, मग समोरच्या कडेला एक, मग कोपऱ्यात. मधलं अंतर थंड होऊ देत भरत जायचं. सांधा शक्यतो कडेला कड भिडवून करावा. तुकडा जुन्या पत्र्यावर चढवून चारी बाजूंनी वेल्ड मारणं सोपं असतं, पण त्यात दोन पत्र्यांच्या मध्ये फट राहते, म्हणजे इव्हान्सचा थेंब तिथे आपणच बसवतो. आडव्या पट्ट्यावर तुकडा चढवणं भागच असेल, तर वरच्या पत्र्याला पाच-सहा मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरावीत, मध्ये वेल्ड चालेल असा जस्ताचा प्रायमर लावावा आणि कडा सांध्याच्या सीलंटने बंद कराव्यात.

पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्डच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढायचं. जस्त जळून पांढरा धूर येतो, आणि तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग दुखतं. बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. त्यावर आपल्याकडे दूध आणि गूळ देतात. दूध-गुळाने काही बिघडत नाही, पण धूर त्याने अडत नाही. अडतो तो उघड्या जागेने, पंख्याने आणि नीट बसणाऱ्या मास्कने. गॅरेजमधली पोरं रुमाल बांधून हे काम करतात. गाडीच्या मालकाने दोन चांगले मास्क आणून दिले तर त्या खर्चाने कोणी बुडत नाही.

जिथे पत्रा शाबूत आहे आणि गंज फक्त वरवरचा, तिथे कापायची गरज नसते. वायर ब्रशने आणि ग्राइंडरने चकाकी येईपर्यंत घासायचं. खड्ड्यांच्या तळाशी तरीही थोडा तपकिरी रंग उरतो. तिथे गंज-बदल द्रावण कामाला येतं. काही द्रावणांत फॉस्फोरिक आम्ल असतं, ते गंजाचं लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. काहींत टॅनिक आम्ल असतं आणि ते लावलं की तपकिरी डाग बघता बघता निळसर काळा होतो. हे रसायन आपल्याला परकं नाही. सह्याद्रीतला हिरडा टॅनिनने भरलेला असतो, आणि हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा क्षार घालून जी काळी शाई पूर्वी करत, तिच्यातही टॅनिन आणि लोह यांचंच संयुग. मात्र हे द्रावण उरलेल्या डागापुरतं आहे. सुटलेल्या पापुद्र्यांवर ते ओतलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचं काम चालूच राहतं.

मग थर. पहिला एपॉक्सी प्रायमर, तोही घासल्यापासून काही तासांच्या आत, तेल पुसून काढलेल्या कोरड्या पत्र्यावर. गॅरेजमध्ये सर्रास वापरला जाणारा साधा रेड ऑक्साइड एकटा पुरत नाही. असा प्रायमर सच्छिद्र असतो, त्याच्यावर रंग हवाच. प्रायमरनंतर वरून-खालून सगळ्या सांध्यांवर सीलंट, मग रंग, आणि खालच्या बाजूला खडीचा मार सोसणारं रबरी कोटिंग. सिल आणि आडव्या पट्ट्यांच्या पोकळीत ब्रश जात नाही. तिथे लांब नळीने पातळ मेण फवारतात. हे मेण फटीत शिरतं आणि तिथेच राहतं. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग हाच. वेल्डिंगने सिलच्या आतला मूळ थर जळलेला असतो, आणि बाहेरून कितीही चकाचक रंग दिला तरी आतली बाजू उघडीच असते.

पावसाळ्याच्या तोंडावर गाडीखाली वापरलेलं काळं इंजिन ऑइल फवारायची जुनी रीत अजून काही ठिकाणी आहे. तेल पाण्याला थोडा काळ अडवतं, हे खरं. पण ते रबरी बुश आणि ब्रेकच्या होजला फुगवतं, ब्रेकवर गेलं तर धोका, आणि पहिल्या जोराच्या सरीत धुऊन गटारात, तिथून नदीत जातं. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं आणि कर्करोगाला कारण होणारे पदार्थ असतात. कामवारीची आधीच झालेली दशा बघता हे बंद व्हायला हवं.

भोकावर फायबरचं कापड आणि रेझिन, पॉप रिव्हेटने ठोकलेला पत्रा, लांबी भरून डांबर हे उपाय मी दुरुस्तीत धरत नाही. ते गाडी विकण्यापूर्वीचे उपाय आहेत, आणि विकत घेणाऱ्याच्या घरातली मुलं त्या सीटवर बसणार असतात. जुनी गाडी घेताना खालच्या बाजूला नुकतंच ताजं, जाड काळं कोटिंग दिसलं तर ते चांगलं लक्षण मानू नका. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नाही.

कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी असते, प्रायमर नीट सुकतो. सकाळी लवकर पत्रा हवेपेक्षा थंड असतो आणि त्यावर न दिसणारं दव धरतं, म्हणून ऊन चढल्यावरच रंग द्यावा. जुलैत कोणी "दोन दिवसांत करून देतो" म्हणालं तर फक्त पाणी थांबवण्याचं काम करून घ्यावं, नमदा काढून टाकावा आणि पत्र्याचं काम दिवाळीनंतरवर ठेवावं.

कुठपर्यंत करायचं, हा प्रश्न शेवटी येतोच. पायाजवळचे दोन तुकडे आणि डिकीचा एखादा कोपरा, एवढंच असेल तर कोणत्याही चालत्या गाडीला ते करणं योग्य आहे. दोन्ही सिल, आडवे पट्टे आणि सस्पेन्शन बसतं ती जागाही गेली असेल, तर साध्या मारुती ८०० साठी ते करू नये. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं तरी चांगल्या तळाच्या गाड्या अजून मिळतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० वर गेलं. तळाचा निर्णय नोंदणी संपण्याच्या बऱ्याच आधी घ्यावा, म्हणजे मधला कोरडा हंगाम हाती राहतो.

पद्मिनीचा हिशेब वेगळा. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी गेली. खासगी हातांत ज्या उरल्या आहेत त्यांची संख्या आता फक्त कमीच होणार. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. त्यात गाडी मूळ स्वरूपात असणं, बॉडीच्या सांगाड्यात बदल केलेला नसणं ही अट आहे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या प्रीमियरच्या गाड्या या वयात पोहोचल्या आहेत. अशा गाडीचा तळ करताना तुकडा मूळ आकाराचाच हवा, रेषा तिथल्या तिथेच हव्यात, आणि कापण्यापूर्वीचे, मधले, नंतरचे फोटो काढून ठेवावेत.

काम झाल्यावर पहिल्या पावसात, जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कार्पेटचा कोपरा उचलून खाली हात घालून बघावा. ओल लागली तर वेल्ड तपासू नका, आधी काच आणि दरवाजा तपासा. कोरडं असेल आणि तरी टाक्याच्या कडेला तपकिरी रेघ दिसत असेल, तर सीलंट तिथे सुटला आहे: तेवढाच खरवडून, पुसून, प्रायमर लावून पुन्हा भरावा. बोटभर जागेचं काम, पण ते ऑगस्टपर्यंत लांबवू नये.